ताडोबासाठी ४० हजारांत झूम कॅमेरा : कोणता घ्यावा?

मेहरूणकाठ

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जळगावहून ताडोब्याला निघालोय. मी, हे, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. मोहर्ली गेटच्या दोन सफारी मिळाल्यात, एक सकाळची, एक दुपारची.

आजवर आमचे सगळे फोटो मोबाईलवर. बुकिंग झाल्यावर कळलं की कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, मोबाईल नेऊच देत नाहीत, गेटवर ठेवून जावं लागतं. तेव्हापासून मुलगा कॅमेऱ्यासाठी मागे लागलाय. यांचं म्हणणं, "वाघ डोळ्यांनी बघायचा असतो." ते खरंच, पण गाडी, मुक्काम, जिप्सी असा सगळा खर्च धरला तर एखादा फोटो तरी घरी यावा ना?

बजेट ताणून ताणून ४० हजार. लेन्स बदलायच्या भानगडीत पडायचं नाही. एका दुकानात गेले तर त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "मॅडम, हा ८३ एक्स." दुसऱ्याकडे ६५ एक्स. तिसरा म्हणाला, एक्सवर जाऊ नका. मग कशावर जायचं, ते त्याने सांगितलं नाही. तेवढ्यात त्याला गिऱ्हाईक आलं.

ताडोब्यानंतर कॅमेरा कपाटात जाऊ नये हीही अट आहे. मेहरूण तलाव घराजवळच आहे. हिवाळ्यात हतनूर धरणावर पक्षी बघायला जाणं होतं. शाळेत शिकवते, त्यामुळे गॅदरिंग आलंच.

तर कोणता घेऊ?

निवांत_बसलोय

ताई, वाघ दिसना का नही ते पहिले सांगा, फोटोनं मंग पाहू.

हतनूरचा_चक्रवाक

मी सहा वर्षांपासून निकॉन कूलपिक्स पी९०० वापरतोय, तेव्हा माझं मत एकतर्फी धरा.

आधी ते एक्सचं भूत उतरवू. लेन्सची पोच मिलिमीटरमध्ये सांगतात, आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. लेन्सच्या लांबच्या टोकाला जवळच्या टोकाने भागलं की एक्स येतो. पी९००ची रेंज २४ ते २००० मिमी, म्हणून ८३ एक्स. कॅननचा एसएक्स७० २१ ते १३६५ मिमी, म्हणून ६५. पॅनासॉनिकचा एफझेड८२ २० ते १२०० मिमी, ६० एक्स. म्हणजे जवळचं टोक जास्त रुंद असलं तरी एक्स वाढतो. तुम्ही लांबच्या टोकाचा आकडा विचारायचा, एक्स नाही.

हतनूरच्या जलाशयात चक्रवाक आणि लालसऱ्या ही बदकं बसतात काठापासून कुठल्या कुठे लांब. तिथे मोबाईल काय, लग्नातला कॅमेराही काही करू शकत नाही. पी९००ने मी चक्रवाकाच्या मानेवरची काळी रेघ काढली आहे. पक्षी बघायचे असतील तर या कॅमेऱ्याला एवढ्या पैशात तोड नाही. कॅमेरा २०१५चा आहे, त्यामुळे जुना बघावा लागेल. २०२० साली पी९५० आला, त्यात रॉ फोटो (कॅमेऱ्याने संस्कार न केलेला, नंतर जास्त सुधारता येणारा) निघतो आणि डोळा लावून बघायची खिडकी बरीच सुधारली आहे. पण नवा घेतला तर तुमच्या बजेटबाहेर जाईल.

केळीचा_घड

पी९०० आमच्या मेव्हण्याने घेतला होता. पहिल्या रात्री गच्चीवर जाऊन चंद्राचा फोटो काढला, खड्ड्यांसकट. सगळ्या नातेवाईकांना पाठवला. दुसऱ्या रात्री परत चंद्र. कॅमेऱ्यात चंद्रासाठी वेगळा मोडच आहे म्हणे. आता तीन वर्षं झाली, त्याच्याकडे चंद्राच्या सगळ्या तिथींचे फोटो आहेत. जंगलात अजून गेलेला नाही.

धुळ्याचा_लग्नवाला

पोटापाण्यासाठी लग्नं शूट करतो, हौसेला जंगल. चक्रवाक भाऊंचा आदर राखून उलटी बाजू मांडतो, कारण ताईंचा प्रश्न ताडोब्याचा आहे, हतनूरचा नाही.

ताडोब्यात वाघ दिसतो तो रस्त्यावर नाहीतर पाणवठ्यावर. तो बऱ्याचदा २०-३० मीटरच्या आत असतो. तिथे २००० मिमी लावलं तर फक्त मिशा येतील. अशा वेळी ३००-४०० मिमी पुष्कळ होतं. अडचण अंतराची नसते, उजेडाची असते. वाघ भर दुपारी बारा वाजता पोझ द्यायला येत नाही. सकाळी गेट उघडल्यावरचा पहिला तास आणि संध्याकाळी गाड्या परत फिरायच्या आधीचा शेवटचा अर्धा तास, तेही बांबूच्या सावलीत.

आता सेन्सर बघा. पी९००, एसएक्स७०, एफझेड८२, या सगळ्यांचा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर. तुरीचा दाणा समजा. सोनीच्या आरएक्स१० मालिकेत किंवा पॅनासॉनिकच्या एफझेड१०००मध्ये एक इंची म्हणतात तो असतो, १३ बाय ९ च्या आसपास, म्हणजे चिंचोका. साध्यातल्या साध्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात, २२-२३ बाय १५, टपालाचं लहान तिकीट. पाऊस एकच पडतोय, पण एकाने वाटी ठेवलीय आणि एकाने परात.

वर पी९००ची लेन्स जवळच्या टोकाला एफ २.८ आणि पूर्ण लांब केली की एफ ६.५. एफचा आकडा वाढला की लेन्सचं भोक बारीक. म्हणजे झूम ताणता ताणता आत येणारा उजेड पाचपटीहून जास्त घटतो. मग कॅमेरा शटर हळू करतो, फोटो हलतो. नाहीतर आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवतो आणि वाघाच्या अंगावर मुंग्या बसल्यासारखं दिसतं.

हतनूरचा_चक्रवाक

लग्नवाले भाऊ, तुमचं उजेडाचं गणित मान्य. पण पी९०० घेतला म्हणजे २००० वर ताणलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? वाघ जवळ असेल तर ४०० वर ठेवा की! लांब असेल तर तुमचा ४०० मिमीवाला काय करणार, गाईडला सांगणार की वाघाला जरा पुढे सरकव?

निवांत_बसलोय

*(पथारी टाकून बसलो आहे, चहा सांगा)*

शिरपूरची_सून

माझ्याकडे पॅनासॉनिकचा एफझेड३०० आहे, त्याच्याबद्दल कुणीच बोललं नाही. सेन्सर तोच तुरीचा दाणा, पण २५ पासून ६०० मिमीपर्यंत लेन्स एफ २.८ वरच राहते. झूम ताणला तरी उजेड घटत नाही. शिवाय धूळ आणि पाण्याचे शिंतोडे आत जाऊ नयेत अशी बांधणी आहे. अनेर धरणाच्या बाजूला मोटारसायकलवर गळ्यात अडकवून फिरले आहे, काही झालं नाही. फक्त १२ मेगापिक्सेल, पण मला पोस्टर कुठे छापायचंय?

धुळीचं गांभीर्याने घ्या. एप्रिल-मेमध्ये ताडोब्याच्या रस्त्यावर पुढच्या जिप्सीच्या मागे जी धूळ उडते ती पिठासारखी असते. या कॅमेऱ्यांची लेन्स झूम करताना पुढेमागे होते आणि धूळ आत ओढते. लेन्स निघत नाही, त्यामुळे सेन्सरवर कण बसला की घरी पुसताही येत नाही. गाडी चालू असताना कॅमेरा उशीच्या अभ्ऱ्यात ठेवायचा, थांबली की काढायचा.

दुर्बीणवाली

मला कुणी मारणार नसेल तर बोलते. कॅमेरा घेऊच नका. त्याच्या एक चतुर्थांश पैशात बरी ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ दुर्बीण येते. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो, म्हणून तिन्हीसांजेलाही छान दिसतं. १६ बाय, २० बाय असलं काही स्वस्तात देत असतील तर घेऊ नका. हात थरथरतो, काही दिसत नाही.

मी अमळनेरची, आता नाशिकला. गेल्या खेपेला आमच्या जिप्सीत सहा जण होते, पाच जणांकडे कॅमेरे. अस्वल आडवं गेलं. पाचही जण खाली मान घालून सेटिंग करत होते. मी आणि ड्रायव्हर, दोघांनीच अस्वल पाहिलं.

मेहरूणकाठ

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. दुर्बीणवाली ताई, तुमचा प्रतिसाद यांनी दोनदा वाचून दाखवला, मोठ्याने.

लग्नवाले दादा, तूर-चिंचोका कळलं. पण मग ४० हजारांत परात येते का? आणि लेन्स बदलायची नाही हे माझं अजून पक्कं आहे.

धुळ्याचा_लग्नवाला

येते. जुना कॅनन २००डी आणि त्यावर ५५-२५० एसटीएम लेन्स. कॅननच्या या सेन्सरवर फोकल लेंथला १.६ ने गुणायचं, म्हणजे २५० चं ४०० मिमी झालं. लेन्सचं वजन पावणेचारशे ग्रॅम, सासूबाईही धरतील. लेन्स बदलता येते म्हणजे बदललीच पाहिजे असं नाही, ताई. लावा आणि विसरून जा.

निकॉनमध्ये जायचं असेल तर एक खाचखळगा सांगतो. त्यांच्या स्वस्त ७०-३०० लेन्समध्ये एएफ-पी नावाची जात आहे. छान आहे, पण डी९०, डी७०००, डी३१०० असल्या जुन्या बॉडीवर ती फोकसच करत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणाहून स्वस्तात घेतलं आणि मग माझ्याकडे आला, "दादा, बिघडलंय का?" बिघडलं काहीच नव्हतं.

जुनं घेताना : लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, आत जाळं दिसलं तर बुरशी. आपल्याकडची हवा कोरडी म्हणून इथल्या लेन्स बऱ्या असतात, मुंबई-कोकणातून आलेली दहादा तपासा. ब्रिज कॅमेरा (पी९००सारखा, लेन्स न निघणारा) असेल तर झूम चार-पाच वेळा पूर्ण आतबाहेर करा, करकर आवाज आला तर सोडून द्या. मूळ बिल मागा.

केळीचा_घड

बिलाचं +१. मी ऑनलाइन एक जुना कॅमेरा मागवला होता, विकणाऱ्याचं नाव घेत नाही. "अगदी नव्यासारखा." आला तर खरंच नव्यासारखा होता, फक्त फ्लॅश लागत नव्हता, मागचा स्क्रीन उघडत नव्हता आणि मेमरी कार्डात कुणाच्या तरी बारशाचे १४३ फोटो होते. बाळ गोड होतं.

तोरणमाळ_डोंगर

धागा जरा भरकटवतो. खान्देशात राहून सगळे ताडोब्याच्या वाघामागे, आणि आपल्या सातपुड्यात जगातला एक दुर्मीळ पक्षी बसलाय त्याचं काय? रानपिंगळा, एक छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नव्हता, संपला असंच धरून चालले होते. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना तो सापडला, कुठे, तर शहाद्याजवळ तळोद्याच्या जंगलात. ११३ वर्षांनी. पुढे यावलच्या जंगलात आणि मेळघाटातही नोंदी झाल्या.

मधल्या काळात शोध का फसले याची गोष्ट कॅमेऱ्याच्या धाग्यात शोभते. रिचर्ड माइनर्टझाहेगन नावाच्या इंग्रज साहेबाने १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मारल्याचा दावा केला होता. तो नमुना खरं तर संग्रहालयातून चोरून, चिठ्ठी बदलून स्वतःच्या नावावर लावलेला होता. लोक त्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून भलत्याच ठिकाणी शोधत बसले.

हा पिंगळा दिवसा उजेडी उघड्या फांदीवर बसतो, म्हणजे कॅमेरेवाल्यांना सोपा. पण कृपा करून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा आला समजून तो खाणंपिणं सोडून भांडायला येतो. घरट्याजवळ तर जाऊच नका.

हतनूरचा_चक्रवाक

तोरणमाळ भाऊ, हा प्रतिसाद वेगळा धागा करून टाका, इथे हरवेल. आवाज वाजवण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन.

पालचा_पाहुणा

उजेडावरून आठवलं. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेत एकदा यावल अभयारण्यात मचाणावर रात्र काढली होती. हातात ५० एक्सचा कॅमेरा. मनात म्हटलं, पौर्णिमा आहे, टिपूर चांदणं, काहीतरी मिळेलच. चांदणं डोळ्यांना पुरतं, कॅमेऱ्याला नाही, हे तिथे समजलं. फ्लॅश मारायचा नाही, बोलायचं नाही, खोकला आला तर तोंडात गमछा कोंबायचा. रात्री दोनच्या सुमाराला खाली लपलप आवाज आला. पाच मिनिटं कुणीतरी पाणी पीत होतं. मी एकामागून एक चौदा फोटो काढले. घरी येऊन बघितले तर चौदाही काळे, एकात एक राखाडी डाग. गणनेच्या कागदावर माझ्या सोबत्याने "अस्वल" लिहिलं, त्याला वासावरून कळलं होतं.

सकाळी खाली पाल गावात येऊन भरीत-भाकरी खाल्ली. मे महिन्यात भरीत, पण भुकेला काय.

बामणोदकर

मेमध्ये भरीत? वांगं कुठलं होतं? भरीत थंडीतच, तेही काड्यांवर भाजलेलं. बाकी चालू द्या.

मेहरूणकाठ

😄 वांग्यावर नंतर बोलू, नाहीतर कॅमेरा राहायचा बाजूला.

हात थरथरण्याचं काय करायचं? जिप्सीत ट्रायपॉड लावता येतो का?

केळीचा_घड

ट्रायपॉड विसरा. सहा माणसांचे गुडघे ठेवायला जागा नसते. बीन बॅग करा. जुन्या जीनचा एक पाय कापायचा, एक बाजू शिवायची, आत धान्य भरायचं, दुसरी बाजू शिवायची. जिप्सीच्या कठड्यावर ठेवली की त्यावर कॅमेरा दगडासारखा बसतो.

काय भरायचं याचा मला दांडगा अनुभव आहे. तांदूळ सरकतो. हरभरा टोचतो. सरकी हलकी पडते. दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, सगळ्यात उत्तम, दाणा गोल आणि वजनदार. रिकामी पिशवी न्या आणि चंद्रपूरला धान्य विकत घेऊन भरा, असं शहाणे लोक सांगतात. पण चंद्रपुरात दादर कुठे शोधत बसणार?

आणि फोटो काढायच्या आधी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. जिप्सी उभी असली तरी थडथडत असते. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सांभाळतं, जिप्सीचा नाही. चालणारा वाघ तर त्याच्या हिशोबातच नाही, त्याला शटर स्पीडच लागतो.

निवांत_बसलोय

दादरनी पिशवी ली जाय रे भो, वाघ नही दिसना ते भाकरी ते व्हई.

हतनूरचा_चक्रवाक

मेहरूणकाठ ताई, तुम्ही जळगावलाच आहात. या रविवारी सकाळी सव्वासहाला मेहरूण तलावावर या, माझा पी९०० हाताळून बघा. इथे किती लिहिलं तरी हातात धरल्याशिवाय कळायचं नाही. संध्याकाळीही थांबायची तयारी असेल तर लग्नवाल्यांची परात पण कळेल, माझ्या पुतण्याकडे २००डी आहे.

धुळ्याचा_लग्नवाला

ह्याला म्हणतात दिलदार प्रतिस्पर्धी. ताई, संध्याकाळी नक्की थांबा.

मेहरूणकाठ

झाली परीक्षा! सविस्तर लिहिते.

सकाळी पी९००. ऊन वर आलं होतं. पाण्यातल्या खुंटावर खंड्या बसला होता, मला तो नुसता निळा ठिपका. झूम केलं तर चोचीतला मासा दिसला. मी ओरडलेच, खंड्या उडाला. दुसरी गोष्ट, पूर्ण झूमवर पक्षी खिडकीतून निसटला की परत सापडता सापडत नाही. चक्रवाक दादांनी लेन्सच्या बाजूचं एक बटण दाखवलं, ते दाबून धरलं की कॅमेरा तात्पुरता मागे येतो, मग पक्षी शोधायचा आणि बटण सोडलं की परत तिथेच पुढे. ते जमायला मला पंधरा मिनिटं लागली, मुलाला दोन. दहाच्या पुढे मात्र पलीकडच्या काठाचं सगळं पाण्यात बुडवल्यासारखं हलायला लागलं. दादा म्हणाले, तो कॅमेऱ्याचा दोष नाही, तापलेली हवा मध्ये आहे, लाखाची लेन्स आणली तरी असंच. एप्रिलमध्ये जळगावात हे असं, तर मेमध्ये चंद्रपूरला काय होणार!

संध्याकाळी पावणेसातला वाघ म्हणून आमच्या कॉलनीतला तांबडा कुत्रा निवडला. कडुनिंबाखाली बसवला, बिस्किटावर. अंतर २५ पावलं. पी९०० पूर्ण झूमवर : एक तीसांश सेकंद, कुत्र्याला तीन कान. झूम कमी करून ४०० च्या आसपास आणला : चालेल असा, पण केस एकमेकांत मिसळलेले. २००डी आणि ५५-२५० : कुत्र्याच्या मिशा वेगवेगळ्या मोजता येत होत्या. आयएसओ ३२०० होता तरीही.

दोन्ही दादांचं खरं निघालं, त्यामुळे मी आणखीनच गोंधळले आहे.

दुर्बीणवाली

कुत्र्याला वाघाचा मान मिळाला, त्याचा फोटो तरी लावा इथे.

पुण्यात_पण_पारोळ्याचा

विकत कशाला घेताय? मोठ्या शहरांत कॅमेरे, लेन्स दिवसावर भाड्याने मिळतात. चार दिवस १५०-६०० लेन्स घ्या, काम झालं की परत.

धुळ्याचा_लग्नवाला

पारोळेकर, त्या लेन्सचं वजन दोन किलोच्या घरात. पहिल्यांदा कॅमेरा हातात धरणाऱ्या माणसाला ती देणं म्हणजे सायकल शिकणाऱ्याला ट्रॅक्टर. शिवाय अनामत रक्कम आणि पुणे-जळगाव खेपा वेगळ्याच. भाड्याचा विचार चांगला आहे, पण दुसऱ्या-तिसऱ्या सफारीला.

शिरपूरची_सून

मेहरूणकाठ, गोंधळ नको. स्वतःला एकच विचार. वर्षभरात तू वाघ किती वेळा बघणार आणि पाणपक्षी किती वेळा?

मेहरूणकाठ

तोच हिशोब काल रात्री मांडला. वाघ दोन सफारी. हतनूर वर्षातून दोनदा-तीनदा. शाळेचं गॅदरिंग, घरातली लग्नं, सगळी रात्रीची किंवा मांडवातली, ती दहा-बारा तरी होतात. म्हणजे अंधारातलंच काम जास्त.

२००डी आणि ५५-२५० घेतला. वापरलेला, बिलासकट, ३४ हजारांना. टॉर्च मारून बघितला, विकणारा म्हणाला, "मॅडम तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर का?" उरलेल्या पैशातून एक जादा बॅटरी आणि दोन कार्डं. चक्रवाक दादा, रागावू नका.

हतनूरचा_चक्रवाक

रागावतो कशाला. डिसेंबरात हतनूरला भेटू, तेव्हा बघू कोण कुणाच्या कॅमेऱ्यात डोकावतं ते.

निघायच्या आधी रोज अर्धा तास सायकलवाल्यांचे, कुत्र्यांचे फोटो काढा. शटर स्पीड ५०० च्या (म्हणजे एक पाचशेअंश सेकंदाच्या) खाली जाऊ न देण्याची सवय लावा, अंधार पडला तरच २५० वर या. कॅमेऱ्याचं पुस्तक वाघासमोर उघडायचं नसतं.

मेहरूणकाठ

तीन आठवड्यांनी धागा वर आणतेय. जाऊन आलो.

सकाळच्या सफारीत वाघ नाही. गवे दिसले, पाण्यात बसलेले रानकुत्रे दिसले, मोर तर किती. ताडोबा तलावाच्या पलीकडे वाळलेल्या झाडावर मत्स्यगरुड होता. गाईडने दाखवला. माझ्या फोटोत झाड आहे, त्यावर एक तीळ आहे. तेव्हा चक्रवाक दादांची फार आठवण झाली.

दुपारच्या सफारीत संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका पाणवठ्यावर आमच्या पुढे पाच गाड्या. अर्धा तास काही नाही. तेवढ्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, "त्या बांबूत दोन कान आहेत." त्यांच्याकडे मी शेजारच्या सरांची ८ बाय ४० दुर्बीण मागून दिली होती, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत. गाईडने आधी लक्ष दिलं नाही, मग त्यानेही दुर्बीण मागून घेतली. वाघीण होती. दहा मिनिटांनी उठली, पाण्यात येऊन पाठमोरी बसली, आधी शेपटी, मग मागचं अंग. आमच्यापासून ३० मीटरवर असेल.

इंजिन बंद, पिशवी कठड्यावर, २५० मिमी, एफ ५.६, आयएसओ ३२००, एक अडीचशेअंश. ६२ फोटो काढले. साठ पाठीचे. एकदा तिने मान वळवली, त्याचे दोन. त्यातला एक मुलाने काढला आहे, तो जास्त चांगला आलाय. फ्रेम करायला टाकलाय.

यांनी एकही फोटो काढला नाही. "मी बघितला," एवढंच म्हणाले. घरी आल्यापासून रोज कुणाला तरी फोनवरून ती शेपटी सांगत असतात.

धुळ्याचा_लग्नवाला

वा! मुलाला पाठवा माझ्याकडे, सीझनला माणूस कमी पडतो.

दुर्बीणवाली

दुर्बिणीचं नाव राखलं सासूबाईंनी. त्यांना माझा नमस्कार सांगा.

केळीचा_घड

सगळं झालं, पण पिशवीत काय भरलं होतं ते सांगितलं नाही ताई.

मेहरूणकाठ

दादरच, दोन किलो. परत आल्यावर सासूबाईंनी पिशवी उसवली, दोनदा चाळली, निवडली आणि दळायला पाठवली. काल तिच्या भाकरी झाल्या. जरा कचकच लागली, पण त्या म्हणाल्या, ताडोब्याची आहे, खा.

निवांत_बसलोय

मी म्हंतलं व्हतं.

नवीन_सदस्य_०७

नमस्कार, छान धागा. पूर्ण वाचला नाही. माझं बजेट ३० आहे, जूनमध्ये मेळघाटला जातोय. ८३ एक्स घेऊ की ६५ एक्स?

केळीचा_घड

आधी दादर घ्या.